परदेशी गाडीला एमएच नंबर: बंदर, तपासणी आणि आरटीओ

परदेशातून आणलेल्या गाडीचं काम आरटीओच्या खिडकीवर अडतं खरं, पण त्याचं कारण बहुतेक वेळा गाडी जहाजावर चढण्याआधीच तयार झालेलं असतं. इंजिन नंबर कुठल्याच कागदावर नाही, उत्पादनाचा महिना कुणी लिहून घेतलेला नाही, नाहीतर बिल ऑफ एंट्रीत (कस्टम्सकडे दाखल करायच्या आयातीच्या कागदात) चेसिस नंबरचं एक अक्षर चुकलेलं. मोटार वाहन निरीक्षकाला शेवटी एकच गोष्ट बघायची असते: लोखंडावर कोरलेला नंबर, कस्टम्सचा कागद आणि आपण भरलेला अर्ज ही तिन्ही एकाच गाडीबद्दल बोलतायत का? तेव्हा तयारी खालून वर, म्हणजे आरटीओला काय लागणार तिथून सुरू करावी.

गाडी 'आयात' आहे का, हे आधी बघा

परदेशी ब्रँड म्हणजे आयात गाडी नव्हे. मर्सिडीजची बरीच मॉडेल्स चाकणला जोडली जातात, बीएमडब्ल्यूची चेन्नईजवळ. सुटे भाग आणून इथे जोडलेली गाडी नोंदणीच्या आणि कराच्या हिशेबात देशी असते. पूर्ण तयार अवस्थेत आलेली, म्हणजे सीबीयू, तेवढीच आयात. एकाच मॉडेलचं पेट्रोल व्हर्जन इथलं आणि जास्त ताकदीचं व्हर्जन सीबीयू असं सर्रास असतं, त्यामुळे मॉडेलच्या नावावरून अंदाज बांधू नका. डीलरचं इनव्हॉइस आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र) बघा.

नोंदणीच्या वेळी संगणकात 'आयात' हा रकाना चुकून भरला गेला, तर महाराष्ट्रात करापासून पुढच्या नूतनीकरणापर्यंत सगळे आकडे फुगतात. उलटंही घडतं: सीबीयू गाडी देशी म्हणून नोंदली जाते, आणि काही वर्षांनी हस्तांतरणाच्या वेळी कराचा फरक व्याजासकट समोर येतो. आरसी हातात आल्याबरोबर हा रकाना तपासा. दुरुस्ती पहिल्या महिन्यात सोपी असते, पाचव्या वर्षी फाइल शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.

कुठल्या दारातून आणायची

नवीन गाडी कंपनीच्या भारतातल्या अधिकृत शाखेमार्फत घेत असाल, तर या लेखातली निम्मी कटकट त्यांची आहे. टाइप अ‍ॅप्रूव्हल (मॉडेल नियमांत बसतं ही सरकारी मान्यता) त्यांनी घेतलेलं असतं, फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र) आणि फॉर्म २२ ते देतात, आणि अधिकृत डीलरने विकलेली गाडी २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर आरटीओत नेऊन दाखवावीही लागत नाही. २०१८ पासून उत्पादक किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला वर्षाला २,५०० गाड्यांपर्यंत भारतातली संपूर्ण चाचणी न करता, आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या आधारावर आणता येतात. ही सवलत उत्पादकासाठी आहे, 'माझा दुबईतला मित्र पाठवतोय' यासाठी नाही.

स्वतः नवीन गाडी आणायची, तर ती खऱ्या अर्थाने नवीन हवी: आयातीपूर्वी विकलेली, भाड्याने दिलेली किंवा कुठल्याही देशात नोंदवलेली नसावी. शोरूममध्ये दोन महिने डेमो म्हणून फिरलेली आणि त्यासाठी नोंदवलेली गाडी या व्याख्येत बसत नाही, मीटरवर कितीही कमी किलोमीटर असोत.

वापरलेल्या गाडीच्या अटी जास्त कडक आहेत. ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नसावी. स्टीअरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये, हेडलॅम्पचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा. आयातीनंतर किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याची पात्रता आणि त्या काळात सर्व्हिस मिळेल याची हमी. आणि आयात फक्त मुंबई बंदरातून.

ही शेवटची अट लोक सहज वाचून पुढे जातात. कंटेनरने येणारा माल शिपिंग कंपन्या सवयीने न्हावाशेवाला उतरवतात. न्हावाशेवा हे कस्टम्सच्या लेखी वेगळं बंदर आहे. तिथे वापरलेली गाडी उतरली, तर वाद सुरू होतो आणि गोदामाचं भाडं दिवसागणिक चढत जातं. बुकिंग करतानाच उतरण्याचं बंदर मुंबई असं लेखी घ्या आणि बिल ऑफ लेडिंगच्या (जहाज कंपनीच्या मालपावतीच्या) मसुद्यात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

परदेशातून कायमचं परतताना गाडी आणणाऱ्यांमध्ये एक गैरसमज पिढीजात आहे: 'टीआरवर (ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स, म्हणजे मुक्काम भारतात हलवताना) ड्युटी माफ होते.' होत नाही. सलग दोन वर्षं परदेशात राहिलेल्या आणि किमान एक वर्ष ती गाडी स्वतःच्या ताब्यात असलेल्या व्यक्तीला ती आणण्याची परवानगी मिळते, एवढंच. ड्युटी पूर्ण भरायची, आणि आणलेली गाडी दोन वर्षं विकता येत नाही. घरातलं सामान आणि गाडी यांचे नियम वेगळे आहेत.

डाव्या स्टीअरिंगबद्दलही एक गंमत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे योग्य सिग्नल यंत्रणा असेल तर डाव्या स्टीअरिंगची गाडी चालवता येते, आणि हे कलम दाखवून एजंट गिऱ्हाइकाला पटवतात. पण गाडी देशात येणार आयात धोरणाखाली, आणि ते धोरण उजवं स्टीअरिंगच मागतं. त्यामुळे आखाती देश, अमेरिका, युरोपचा मुख्य भाग इथल्या गाड्या या वाटेने बाद. उरतात जपान, ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया यांसारखे उजव्या स्टीअरिंगचे देश.

जहाजावर चढवण्याआधी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिला प्रश्न वयाचा. तीन वर्षं मोजायची ती उत्पादनाच्या तारखेपासून. परदेशी नोंदणीपत्रावर पहिल्या नोंदणीची तारीख असते, आणि गाडी कारखान्यातून निघून शोरूममध्ये आठ-दहा महिने उभी राहिलेली असू शकते. जपानच्या निर्यात प्रमाणपत्रावर पहिल्या नोंदणीचं वर्ष आणि महिना असतो, त्यावरून 'दोन वर्षं दहा महिने' असा हिशेब करून निघालेली गाडी प्रत्यक्षात साडेतीन वर्षांची निघते. व्हीआयएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या चेसिस नंबरच्या, दहाव्या अक्षरावरून वर्ष काढण्याची युक्तीही बेभरवशाची आहे. अमेरिकेत ते अक्षर मॉडेल वर्ष सांगतं, युरोपातल्या अनेक कंपन्या तिथे वर्ष घालतच नाहीत. उत्पादनाचा महिना आणि वर्ष सांगणारं उत्पादकाचं पत्र मिळवा, चेसिस नंबरसकट. जहाजाचा प्रवास आणि बंदरातला खोळंबा धरून हातात किमान चार-पाच महिने शिल्लक असतील, तरच ती गाडी उचलण्यात अर्थ आहे.

दुसरा प्रश्न नंबरांचा. आंतरराष्ट्रीय व्हीआयएन १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी घोळ घालतात. म्हणजे कागदावर 'ओ' दिसला तर तो टायपिंगचा दोष आहे, तिथेच थांबवा. जपानच्या देशांतर्गत बाजारातल्या गाड्यांना १७ अक्षरी व्हीआयएन नसतोच. त्यांचा फ्रेम नंबर, म्हणजे चेसिस नंबरच, आखूड असतो: मॉडेलचा कोड, मध्ये आडवी रेघ, पुढे आकडे. इनव्हॉइसवर रेघ आहे, बिल ऑफ लेडिंगवर नाही, विम्यावर रेघेच्या जागी मोकळी जागा, असं झालं की संगणकाच्या दृष्टीने त्या तीन गाड्या झाल्या. मूळ नोंदणीपत्रावर जसा आहे तसाच्या तसा सगळीकडे लिहायचा हा नियम एकदा घालून द्या.

इंजिन नंबर हा खरा काटा आहे. ब्रिटनच्या व्ही फाइव्ह सी नोंदणीपत्रावर तो छापलेला असतो. जपानच्या कागदावर मात्र इंजिनचं फक्त मॉडेल असतं, त्या विशिष्ट इंजिनाचा क्रमांक नसतो. इथे आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि निरीक्षकाला क्रमांक डोळ्यांनी बघायचा असतो. नव्या गाड्यांमध्ये तो ब्लॉकवर, गिअरबॉक्स जिथे जोडला जातो त्या कडेला, प्लॅस्टिकच्या कव्हरखाली किंवा टर्बोच्या पाइपामागे असतो. गाडी अजून विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये लिफ्टवर असतानाच कव्हर काढून, ब्रेक क्लीनरने जागा पुसून फोटो काढायला सांगा. दोन फोटो हवेत: एक जवळून, ज्यात प्रत्येक अक्षर वाचता येतं, आणि एक लांबून, ज्यात ती जागा इंजिनवर नेमकी कुठे आहे हे कळतं. मग तो क्रमांक विक्रेत्याच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, चेसिस नंबरच्या शेजारी लिहून घ्या.

या पत्राची आणि फोटोंची तारीख महत्त्वाची का, तर कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ मुळे. बिल ऑफ एंट्रीत चूक राहिली तर दुरुस्ती होते, पण माल सोडवून झाल्यावर ती फक्त अशा कागदांच्या आधारे होते जे सोडवतानाच अस्तित्वात होते. नंतर मागवलेलं पत्र चालत नाही.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष गाडी. ब्रिटनच्या गाडीचा स्पीडोमीटर मैलांचा असतो. डिजिटल पॅनेल असेल तर सेटिंगमधून बदलतो. तबकडीवर मैल मोठ्या अक्षरात आणि किलोमीटर आत बारीक छापलेले असतील, तर किलोमीटरचं पॅनेल बसवून घ्यावं लागतं आणि बदलाच्या वेळचं ओडोमीटरचं वाचन लेखी ठेवावं लागतं. हेडलॅम्प तपासायला गाडी रात्री भिंतीसमोर उभी करून लो बीम लावा. प्रकाशाची कड जिथे वर चढते ती बाजू डावी हवी.

काचांकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि गाडी तिथे अडते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. जपान आणि ब्रिटनमध्ये मागच्या सीटच्या आणि डिकीच्या काचा कारखान्यातूनच गडद येतात. ही फिल्म नसते, काचच गडद असते, त्यामुळे खरवडून निघत नाही. साध्या काचांचा सेट तिकडेच बदलून घेणं स्वस्त पडतं, कारण इथे त्या मॉडेलची काच मिळायला महिने जातात.

शिवाय निघण्यापूर्वी मान्य तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र आणि गाडीच्या मूळ होमोलोगेशनचा (त्या देशात मॉडेलला मिळालेल्या मान्यतेचा) कागद लागतो. जपानी गाडी असेल तर भाषांतरही तिकडेच प्रमाणित करून घ्या. (रेडिओची मात्र आशा सोडा: जपानी सेटचा एफएम पट्टा ७६ पासून सुरू होऊन ९५ मेगाहर्ट्झला संपतो, आपली बरीच स्टेशनं त्याच्या पुढे.)

बंदरात

कस्टम ब्रोकर गाडी येण्यापूर्वीच बिल ऑफ एंट्री दाखल करू शकतो. मसुदा दाखल होण्याआधी तुमच्याकडे पाठवायला सांगा आणि चेसिस नंबर एकट्याने वाचू नका. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने एकेक अक्षर म्हणायचं, दुसऱ्याने मसुद्यावर बोट ठेवत जायचं. चेसिस, इंजिन, उत्पादनाचा महिना-वर्ष, मॉडेल, घनक्षमता, रंग आणि आयातदाराचं नाव, हे सातही रकाने. नाव पॅन कार्डावर आहे तसंच. 'सुरेश व्ही. पाटील' आणि 'सुरेश विठ्ठल पाटील' यांच्यातला फरक मिटवायला पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

किंमत ठरते सीआयएफवर, म्हणजे गाडी, विमा आणि जहाजभाडं मिळून, आणि विनिमय दर कस्टम्सने जाहीर केलेला. वापरलेल्या गाडीच्या बाबतीत तुम्ही किती स्वस्तात मिळवली याला फारसा अर्थ नाही. गाडी नवी असतानाची उत्पादकाची किंमत धरून तीतून घसारा वजा करण्याची पद्धत आहे. लिलावात पडत्या भावात मिळाली म्हणून ड्युटी पडती लागत नाही.

२०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ४० हजार डॉलरहून महाग नव्या गाडीवर ७० टक्के मूळ ड्युटी आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर, असे ११० टक्के बसतात. मग त्या सगळ्यावर जीएसटी, जो २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांसाठी ४० टक्के आहे. ५० लाख रुपये सीआयएफ धरा. ड्युटी ५५ लाख, बेरीज १ कोटी ५ लाख. त्यावर जीएसटी ४२ लाख. गाडी बंदराबाहेर पडते १ कोटी ४७ लाखांना, आणि अजून आरटीओ यायचाय. वापरलेल्या गाडीवर ड्युटीचा दर याहून जास्त असतो. दर अर्थसंकल्पागणिक आणि व्यापार करारांगणिक हलतात, त्यामुळे पैसे पाठवण्याच्या आठवड्यात ब्रोकरकडून ताजा हिशेब लेखी घ्या.

वापरलेली गाडी कस्टम्समधून सुटण्यापूर्वी तिची इथल्या संस्थेकडून तपासणी व्हावी लागते. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या महाराष्ट्रातल्या दोन, मध्य प्रदेशात बुदनीचं केंद्र तिसरं. त्यासाठी गाडी कस्टम्सच्या परवानगीने बंदराबाहेर न्यावी लागते. ती चालवत नेऊ नका, फ्लॅटबेडवर न्या. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे, आणि अपघात झाला तर दंडाची चिंता सगळ्यात शेवटी येईल. तपासणीची वेळ गाडी येण्याआधीच मागून ठेवा. उत्सर्जन, ब्रेक, दिवे, काचा, आरसे, हॉर्न हे सगळं बघितलं जातं. नापास होण्याची नेहमीची कारणं वर आलीच: काचा आणि हेडलॅम्प. तिसरं कारण बाहेरून लावलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. मूळ सायलेन्सर विक्रेत्याकडे पडून असेल तर तोही गाडीसोबत मागवा.

आरटीओत

२०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे राज्यातल्या कुठल्याही नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तरी ताडदेव, अंधेरी, पुणे अशा ठिकाणी आयात गाड्यांची सवय आहे. लहान कार्यालयात फाइल मार्गदर्शनासाठी वर जाते आणि तिथे आठवडे काढते.

गाडी ताब्यात आल्यापासून सात दिवसांत अर्ज करायचा असतो. फॉर्म २० या अर्जात गाडी नवी, लष्करातून निवृत्त की आयात, असा रकाना आहे. तिथे 'आयात'. सोबत कस्टम्सची बिल ऑफ एंट्री आणि ड्युटी भरल्याचं चलन, परदेशातलं इनव्हॉइस, फॉर्म २२ किंवा तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र, वापरलेली असेल तर परदेशी नोंदणी रद्द झाल्याचा किंवा निर्यातीचा मूळ कागद, विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन, आणि वापरलेल्या गाडीचं पीयूसी. विमा नोंदणीआधी चेसिस नंबरवर निघतो, नंबर मिळाल्यावर कंपनीकडून त्यात नोंद करून घ्या. वजन, व्हीलबेस, आसनक्षमता, घनक्षमता हे आकडे इंटरनेटवरून उचलू नका. उत्पादकाच्या प्रमाणपत्रातून घ्या, कारण तेच आकडे तपासणी अहवालात असतात.

नोंदणी शुल्क आयात मोटारीला ५,००० रुपये आणि आयात मोटरसायकलला २,५०० रुपये. देशी खासगी कारला ते ६०० आहे. ही रक्कम किरकोळ, भारी पडतो तो रस्ता कर. महाराष्ट्रात आयात गाडीला आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला एकरकमी कर २० टक्के, इंधन कोणतंही असो. कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. वरच्या उदाहरणात १ कोटी ४७ लाखांवर २० टक्के धरला, तर २९ लाख ४० हजार होतात. त्याहून महाग गाडीला मर्यादेचा फायदा मिळायला लागतो. हा कर वाचवण्यासाठी दुसऱ्या राज्यात खोट्या पत्त्यावर नोंदणी करण्याचा सल्ला देणारे भेटतीलच. त्या वाटेने गेलेल्यांवर करचुकवेगिरीचे गुन्हे दाखल झालेले आहेत.

मग पडताळणी. आरटीओ बिल ऑफ एंट्री खरी आहे का हे कस्टम्सकडून लेखी विचारून घेतं. या पत्रव्यवहारात सगळ्यात जास्त दिवस जातात आणि अर्जदाराच्या हातात फारसं काही नसतं. पण दाखल करताना बंदराचा कोड, बिलाचा क्रमांक आणि तारीख ठळक अक्षरात पहिल्या पानावर दिली, तर पत्र चुकीच्या कस्टम हाउसला जात नाही. मुंबई बंदराचा कोड आयएनबीओएम१, न्हावाशेवाचा आयएनएनएसए१.

स्वतः आणलेली गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. आदल्या दिवशी चेसिस नंबर कोरलेली जागा शोधून ठेवा. तो बहुतेक गाड्यांत पुढच्या प्रवासी सीटसमोर गालिच्याच्या कापलेल्या झडपेखाली, नाहीतर बोनेटखाली सस्पेन्शनच्या बुरुजावर किंवा मागच्या पत्र्यावर असतो. काचेखालची पट्टी आणि दाराच्या चौकटीवरचा स्टिकर यांना निरीक्षक दुय्यम मानतो, त्याला पत्र्यावरचा हवा. जागा ओल्या कपड्याने पुसून कोरडी करा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरचा अगदी हलका हात, जास्त घासलं तर 'नंबरशी छेडछाड' असा शेरा पडतो. पारदर्शक चिकटपट्टी लावून वरून मऊ पेन्सिल आडवी फिरवली की ठसा उमटतो. दोन-तीन ठसे आधीच काढून ठेवा. इंजिन नंबरसाठी छोटा आरसा, टॉर्च आणि परदेशात काढलेले ते दोन फोटो सोबत न्या. गाडी थंड असताना पोचलात तर कव्हर काढताना हात भाजत नाही.

नंबर प्लेट

उच्च सुरक्षा नंबर प्लेट आयात गाडीलाही लागते. कारसाठी दोन मापं आहेत: ५०० बाय १२० आणि ३४० बाय २०० मिलिमीटर. जपानी गाडीच्या मागची खाच ३३० बाय १६५ च्या प्लेटसाठी केलेली असते, तिथे लांब प्लेट मावत नाही आणि आखूड प्लेट उंचीला जास्त होते. रिव्हर्स कॅमेरा किंवा डिकीचं बटण झाकलं जाणार नाही, असं छोटं ब्रॅकेट बसवावं लागतं. माप ऑर्डर देतानाच निवडा, प्लेट तयार झाल्यावर बदलून मिळत नाही. काचेवरच्या नोंदणी स्टिकरचा रंगही बघा: पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी.

दुसऱ्याकडून आयात गाडी घेताना

इथे फक्त आरसी बघून व्यवहार करणं धोक्याचं आहे. ड्युटी चुकवून आणलेली गाडी कस्टम्स कायद्याखाली जप्त होऊ शकते, मग ती तिसऱ्या मालकाच्या दारात उभी असली तरी. सप्टेंबर २०२५ मध्ये कस्टम्सने केरळात 'नुमखोर' नावाची मोहीम काढून भूतानमार्गे आणून बनावट कागदांवर नोंदवल्याचा संशय असलेल्या गाड्या जप्त केल्या. त्यातल्या अनेकांकडे भारतीय आरसी होती.

तेव्हा मूळ बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा. 'हरवली' हे उत्तर मिळालं तर क्रमांक आणि तारीख मागा, आणि कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर बंदर, क्रमांक, तारीख टाकून स्थिती बघा. मग तीन तारखा एका ओळीत मांडा: उत्पादन, बिल ऑफ एंट्री, पहिली भारतीय नोंदणी. वापरलेली म्हणून आलेल्या गाडीत पहिल्या दोन तारखांमध्ये तीन वर्षांहून जास्त अंतर असेल तर ती गाडी आली कशी, हा प्रश्न विक्रेत्याला विचारा. पहिली नोंदणी एखाद्या दूरच्या राज्यात आणि लगेच ना-हरकत घेऊन बाहेर, असा प्रवास दिसला तर त्या पहिल्या कार्यालयातून नोंदणीचा तपशील मागवल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. परदेशी पर्यटक कारनेटवर, म्हणजे ड्युटी न भरता तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, आणतात ती गाडी परत जायचीच असते. 'कारनेटची गाडी, स्वस्तात सोडवून देतो' हा प्रस्ताव आला की चर्चा तिथेच संपवा.

टीआरवर आलेली असेल तर दोन वर्षांची अट उलटली का, तेही बघा. कुलमुखत्यारपत्रावर 'आत्ता ताबा, नंतर नाव' हा प्रकार नेमका ही अट मोडण्यासाठीच केला जातो.

कागद चोख असतील तर पुढचं काम नेहमीसारखंच आहे. राज्यातल्या राज्यात हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, आधीच्या कर्जाची नोंद काढायची असेल तर फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यातली असेल तर आधी तिथून फॉर्म २८ वर ना-हरकत, मग इथे फॉर्म २७ वर नवा क्रमांक. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे राहणार असेल तर नवा क्रमांक घ्यावाच लागतो. महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार कमी होतो, पण आयात गाडीचा चढा दर तसाच लागू होतो. सौदा करताना हा आकडा आधी काढा, किंमत नंतर बोला.

पंधरा वर्षांनंतर

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. पुढे फॉर्म २५ भरून, तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांहून जुन्या आयात चारचाकीला त्यासाठी ४०,००० रुपये लागतात, देशी कारला ५,०००. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षं उलटलेल्या आयात चारचाकीला ८०,०००. जुन्या आरसीवर 'आयात' चुकून लागलेलं असेल तर ते याच वेळी लक्षात येतं आणि तेव्हा डीलर बंद झालेला असतो. इनव्हॉइसची प्रत गाडीच्या फाइलमध्ये जपून ठेवायची ती यासाठी.

पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी घेता येते. क्रमांकात राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी ५,०००. आयात गाडी असेल तर इथेही बिल ऑफ एंट्री लागतेच. ही गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही.